हरवलेला पर्यटक, कुटुंबासह

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. बाजारातले तराजू, पेट्रोलपंपांची मापं, कापडदुकानातल्या पट्ट्या तपासायच्या आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे माझं काम. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते माझ्या मूर्खपणामुळे घडलं असं आमच्या इमारतीत बोललं जातं. ते साफ खोटं आहे. ते माझ्या कर्तव्यदक्षतेमुळे घडलं. तपासल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की लग्न ठरायच्या आधीसुद्धा मी हिच्या हातचा चहा दोन वेगवेगळ्या दिवशी पिऊन पाहिला होता. ही म्हणते, "मी तुम्हाला एकदाच पाहिलं, तिथेच चुकलं."

तर मुद्दा असा, की हिची थोरली बहीण, म्हणजे ताई, लग्न होऊन परदेशात गेली ती तिकडचीच झाली. दोघी फोनवर सारख्या बोलतात. प्रत्यक्ष भेट मात्र वर्षानुवर्षं नाही. कधी त्यांची अडचण, कधी आमची, कधी दोघांचा आळस. एका रविवारी ताईने सांगितलं की तिची नजर चालली आहे. डॉक्टर म्हणाले होते, आणखी काही महिने, मग उजेड आणि अंधार एवढाच फरक कळेल. "फोनवर तू मला नुसती धुरकट दिसतेस ग," ताई म्हणाली. "एकदा जवळून बघायचंय तुला. ये."

हिने फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. नळाखाली भांडं नव्हतं. मी नळ बंद केला आणि म्हणालो, "जाऊ या."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिकिटं काढली, रजा मंजूर झाली, ताईच्या देशाने आम्हाला यायला परवानगीही दिली. मग मी ही बातमी खालच्या मजल्यावरच्या पायलटांना सांगितली.

पायलट हे पायलट नाहीत. त्यांचा छत्र्यांचा घाऊक धंदा होता. पण ते आयुष्यात एकदा विमानाने परदेशी जाऊन आले, आणि त्या वेळी बॅगेला लावलेली कागदी पट्टी त्यांनी अजून काढलेली नाही. बाजारात जाताना तीच बॅग असते. तर पायलटांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "अ‍ॅप कुठली कुठली घेतलीत?"

"कुठलीच नाही."

"अरे देवा," पायलट म्हणाले, आणि मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. एखाद्याला वाईट बातमी सांगायची असली की बसवतात तसं.

त्या संध्याकाळी माझ्या फोनमध्ये इतकी अ‍ॅप शिरली की फोन गरम झाला. नकाशाचं अ‍ॅप. भाषांतराचं अ‍ॅप, म्हणजे आपण आपल्या भाषेत बोलायचं आणि फोन तिकडच्या भाषेत ओरडणार. चलनाचं, टॅक्सीचं, हॉटेलांचं, हवामानाचं. कुठल्या देशात भिंतीतल्या प्लगला किती भोकं असतात ते दाखवणारं वेगळं. सर्वात जवळचं सार्वजनिक स्वच्छतागृह कुठे आहे आणि लोकांनी त्याला किती तारे दिलेत ते सांगणारंही एक होतं. एका प्रवाशाने तिथे अभिप्राय लिहिला होता, "शांत जागा. पुन्हा नक्की येईन." त्या माणसाच्या घरी काय परिस्थिती असेल, या विचाराने मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

समोरच्या दारी दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्यांना प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघण्याची सवय आहे. समोरच्याचं तोंड उघडंच असतं ना कायम. त्या जिन्यात भेटल्या. "नकाशा आधीच उतरवून घेतलात का? तिकडे नेट नसलं तर काय करणार? औषधांची नावं तिकडच्या भाषेत करून घेतलीत का? झोपेचं अ‍ॅप घेतलंत का?" आणि दवाखान्यात निघून गेल्या.

झोपेचं अ‍ॅप घेतलं. लांबच्या विमानप्रवासाने झोपेचा घोळ होतो, तो होऊ नये म्हणून हे अ‍ॅप आधीपासून आपल्याला हळूहळू तिकडच्या वेळेवर नेऊन ठेवतं. त्याने मला दुपारी जेवणानंतर अंधारात राहायला सांगितलं. सरकारी कार्यालयात अंधार कुठून आणायचा? मी काळा गॉगल लावून बसलो. नेमके तेव्हाच साहेब आले. मी एका वाण्याचा तराजू तपासत होतो.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी सध्या तिकडच्या वेळेत आहे."

"मग रजा टाका," साहेब म्हणाले, "इकडच्या वेळेत."

सामानाचं अ‍ॅप तर आणखी वरचढ. काय काय न्यायचं हे ठरवून द्यायला त्याने मला प्रश्न विचारले. तुम्ही बर्फावरून घसरायला जाणार आहात का? मला 'मुद्दाम नाही' असं उत्तर द्यायचं होतं, पण तशी सोय नव्हती. मी 'हो' म्हटलं, कारण माणसाने सुरक्षित बाजूला असावं. त्यावर त्याने मला दोन लांब काठ्या घ्यायला सांगितल्या. ही सगळं बघत होती. ती म्हणाली, "अहो, आपण ताईला भेटायला चाललोय, का या फोनला फिरवायला?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण मला वेगळ्याच काळजीने ग्रासलं होतं. ही सगळी अ‍ॅप मी नुसती घेतली होती. तपासली कुठे होती? माझ्या खात्यात बिनशिक्क्याचं माप वापरलं तर दंड होतो. आणि मी बिनशिक्क्याची अ‍ॅप घेऊन सातासमुद्रापार जाणार? मनाला पटेना.

"शनिवारी सकाळी निघायचं," मी हिला सांगितलं.

"विमान पुढच्या शनिवारी आहे."

"त्या शनिवारी खरं. या शनिवारी तपासणी. बॅगा घेऊन निघायचं, टॅक्सी अ‍ॅपनेच बोलवायची, विमानतळापर्यंत जायचं आणि परत यायचं. दिवसभर आपण परदेशात आहोत असं समजायचं."

"मी समजते," ही म्हणाली. "तुम्ही काहीच समजू नका." पण बॅगा भरल्या तिने. मी त्यांचं वजन कार्यालयातल्या प्रमाणित काट्यावर करून आणलं. जगात इतक्या अचूक वजनाच्या बॅगा कुणी नेल्या नसतील, कुठेच न जाण्यासाठी तर नाहीच नाही.

शनिवारी सकाळी बॅगा घेऊन आम्ही जिना उतरलो तर खाली अख्खी इमारत उभी. पायलटांनी बॅगा बाहेर काढल्याचा आवाज ऐकला होता आणि दवंडी पिटली होती. डॉक्टरीणबाईंच्या हातात फुलांचा गुच्छ होता आणि डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, "अहो, आज आम्ही खरं म्हणजे—"

"भावना कळतात," पायलट माझा खांदा दाबून म्हणाले, आणि त्यांनी भाषण सुरू केलं. माणसं परदेशी का जातात, जाऊन परत का येतात, आणि त्यांच्या वेळी विमानात काय जेवण होतं, असं ते भाषण होतं. मी आणखी दोनदा तोंड उघडलं. एकदा त्यात डॉक्टरीणबाईंनी खोकल्याची गोळी टाकली. शेवटी टॅक्सी आली, सगळ्यांनी हात हलवले, आणि आम्ही परदेशी गेलो.

टॅक्सीत मी भाषांतराचं अ‍ॅप तपासायला घेतलं. फोनमध्ये म्हटलं, "जरा सावकाश चालवा." फोन तिकडच्या भाषेत मोठ्याने काहीतरी ओरडला. चालकाने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग हिला विचारलं, "काकांना बोलता येत नाही का?"

"येतं ना," ही म्हणाली. "तोच तर त्रास आहे."

विमानतळ आला. आम्ही तो बाहेरून बघितला. छान होता. ही म्हणाली, "झाली तपासणी? चला आता घरी."

"आता? अगं, फुलं सुकलीसुद्धा नाहीत! काय सांगणार त्यांना?"

"खरं ते सांगा."

"एवढं भाषण झाल्यावर?"

मी स्वभावाने खरं बोलणारा माणूस आहे, पण खरं बोलायला एक वेळ असते, आणि ती गुच्छ हातात घेण्याच्या आधी येऊन जाते. अंधार पडेपर्यंत कुठेतरी थांबणं भाग होतं. त्यामुळे हॉटेलाचं अ‍ॅपही तपासून होणार होतं. मी लगेच खोली ठरवली. अ‍ॅपमध्ये मी स्वतःला आधीच परदेशी पाहुणा म्हणून नोंदवून ठेवलं होतं, तालीम चोख व्हावी म्हणून.

हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाने माझं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. "इथे परदेशी लिहिलंय, आणि पत्ता तर मागच्या गल्लीतला."

"हो."

"घर सोडून आलात?"

"थोड्या वेळासाठी."

त्याने आमच्या बॅगा बघितल्या, गुच्छ बघितला, मग आवाज खाली आणून मला विचारलं, "काका, घरच्यांना माहीत आहे का?"

माझं वय अठ्ठावन्न आहे. खात्यात माझ्या नावाने व्यापारी चळाचळा कापतात. हीच म्हणाली, "घरचे आम्हीच आहोत हो. आम्हाला माहीत आहे." त्याला काय वाटलं कोण जाणे, पण खोली दिली आणि वर सरबत पाठवलं.

खोलीत बसल्यावर मला आठवलं की एक अ‍ॅप राहिलं आहे. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी सरकारने केलेलं ते मदतीचं अ‍ॅप होतं. तसंच तिकडेही असतं असं पायलट म्हणाले होते, म्हणून नमुना म्हणून मी आपलंच उतरवलं होतं. त्यात पासपोर्टचा क्रमांक भरला होता. देश निवडताना पंचाईत झाली, कारण यादीत आपला देशच नव्हता. आपण आपल्याच देशात पर्यटक कसे असणार? मग तपासणीपुरता ताईचा देश निवडला. 'एकटे की कुटुंबासह' यावर 'कुटुंबासह' निवडलं, कारण ही समोरच बसली होती. सगळ्यात खाली एक मोठं लाल बटण होतं. संकटात सापडलात तर दाबा.

आता तुम्हीच सांगा, लाल बटण चालतं की नाही हे संकटात सापडल्यावर कळून काय उपयोग? मी दाबलं.

सरकारी सेवा इतकी तत्पर असू शकते हे मला माहीत नव्हतं. मीही सरकारातच आहे, पण माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. सरबताचा पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच पर्यटक मदत केंद्राचे अधिकारी दारात हजर. किडकिडीत, चष्मेवाले, धापा टाकत. त्यांनी हातवारे करत विचारलं, "कोण हरवलंय?"

"कोणी नाही. मी तपासत होतो."

"अरे, आपली भाषा किती छान बोलता!" ते कौतुकाने म्हणाले. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी 'हरवलेला पर्यटक, कुटुंबासह' अशी नोंद झाल्याचं दाखवलं आणि म्हणाले, "काळजी करू नका. तुम्ही मायदेशी पोचलात की आपोआप बंद होईल." मला ते ठीक वाटलं. कानाला ठीक वाटणाऱ्या गोष्टीच मी तपासत नाही, हा माझा दोष असेल तर असो.

सरकारी माणूस येऊन गेला म्हणून काउंटरवाल्याने आमच्या बॅगा अदबीने रस्त्यावर ठेवल्या. "परत घरी जा काका," तो म्हणाला. "राग विसरून जा." दिवेलागणीनंतर आम्ही बूट हातात घेऊन जिना चढलो आणि आपल्याच घरात चोरासारखे शिरलो.

पुढचा आठवडा आम्ही परदेशात होतो. साहेबांच्या सांगण्यावरून सोमवारपासूनची रजा मी आधीच टाकली होती. पडदे ओढलेले, कुकर बंद, नळ बारीक धारेवर. ही अनवाणी चालायची, मी चालायचोच नाही. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. एक बरं होतं, रोज सकाळी आमच्या दाराबाहेर कोणीतरी चुकून दूध आणि पाव ठेवून जायचं. आम्ही ते हळूच आत ओढून घ्यायचो. रोज चुकणारं हे माणूस कोण, याचा मी विचार केला नाही. भुकेला माणूस चौकशी करत नाही.

आणि पायलटांचे निरोप सुरू झाले. "पोचलात का? हवामान कसं आहे?"

मी हवामानाचं अ‍ॅप उघडलं. "ढगाळ आहे. संध्याकाळी सरी येतील," मी कळवलं. त्यांनी विचारलं, आज काय पाहिलंत? नकाशाच्या अ‍ॅपमध्ये मला एक नदी सापडली, तिच्या काठाने मी बायकोला फिरवून आणलं. एक संग्रहालयही दाखवलं. ते सोमवारी बंद असतं हे मात्र त्याच अ‍ॅपने उशिरा सांगितलं, तेव्हा बाहेरून दाखवलं असं लिहिलं. चलनाच्या अ‍ॅपमुळे मला महागाईबद्दल कुरकूर करता आली. प्लगच्या अ‍ॅपमुळे फोन चार्ज करताना किती हाल झाले ते रंगवता आलं. मला कबूल केलं पाहिजे की ती सगळी अ‍ॅप फार उपयुक्त निघाली. न जाणाऱ्या माणसाला त्यांच्याइतका आधार दुसरा नाही.

"तुम्ही तिकडे गेल्यावर एवढं बघणार आहात का?" हिने कुजबुजत विचारलं.

"पुन्हा कशाला? बघून झालंय."

गुरुवारी मी विमानकंपनीच्या संकेतस्थळावर आमच्या जागा पक्क्या करायला बसलो. पासपोर्टचा क्रमांक टाकला. पडद्यावर लाल अक्षरं आली. हा पर्यटक हरवलेला आहे. सापडल्याशिवाय देशाबाहेर जाऊ देऊ नये. कुटुंबासह.

मी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मी फोन हिच्यापासून लपवायला गेलो, पण हिने वाचलं होतं. ती भांडेल, ओरडेल, निदान कपाळावर हात मारेल असं मला वाटलं. तिने त्यातलं काहीच केलं नाही. ती बॅगेजवळ जाऊन बसली आणि ताईसाठी विणलेला स्वेटर बाहेर काढून पुन्हा घडी करायला लागली. भडक पिवळा स्वेटर होता. ताईला पिवळा रंग अजून दिसतो म्हणून. तिने त्याची घडी चारपाच वेळा केली. मला तेव्हा स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि मी शिक्का मारलेल्या कुठल्याही तराजूवर ती तेवढीच भरली असती.

तसेच उठून, मागच्या जिन्याने, आम्ही मदत केंद्रात गेलो. चष्मेवाले अधिकारी आम्हाला पाहून उभेच राहिले. "अरे, सापडलात!"

"हो. मग आता ती नोंद बंद करा."

"तुम्ही सापडलात हे मला दिसतंय. संगणकाला कसं दिसणार? त्याला मायदेशी पोचल्याचा पुरावा लागतो."

"माझा मायदेश हाच आहे."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "इथे तर वेगळा देश दिसतोय."

"तो मी तपासणीपुरता भरला होता."

"मग एकदा तिकडे जाऊन या. लगेच बंद होईल."

"जाऊ कसा? हरवलेल्या पर्यटकाला बाहेर सोडत नाहीत!"

"बरोबरच आहे," ते म्हणाले. "हरवलेल्या माणसाला सोडून कसं चालेल? आणखी हरवेल." आणि जरा अभिमानाने म्हणाले, "हा नियम आमच्याच केंद्राने केलाय."

मी सरकारी माणूस आहे, नियमाची किंमत मला कळते. मनातल्या मनात मी त्या नियमावर शिक्कासुद्धा मारला. इतका घट्ट, कुठूनही हवा न जाणारा नियम आमच्या खात्यात एकही नाही. मी हात टेकले.

तेवढ्यात ही पुढे झाली. "साहेब, माझ्या बहिणीची नजर चालली आहे," ती म्हणाली. "तिला मला एकदा बघायचंय. परवा आम्ही विमानात बसलो नाही तर पुन्हा कधी निघू ते सांगता येत नाही, आणि तोपर्यंत तिला मी दिसणार नाही. माझे हे जरा असे आहेत. पण ते हरवलेले नाहीत हो. मी रोज बघते त्यांना."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं चाळली. शेवटी म्हणाले, "एक वाट आहे. पर्यटकाच्या कायमच्या पत्त्यावरच्या दोन शेजाऱ्यांनी, समक्ष उभं राहून, हा माणूस आमचाच आहे असं म्हणून त्याला ताब्यात घेतलं, तर 'स्वगृही पोचला' असं धरता येतं. उद्या सकाळी मी येतो."

"शेजाऱ्यांऐवजी दुसरं काही चालेल?" मी विचारलं.

"काय?"

"काहीही. दंड. शिक्षा."

"शेजारीच लागतील," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी पायलटांच्या दारासमोर जाऊन उभा राहिलो. सकाळीच मी त्यांना नदीवरच्या बोटीबद्दल सविस्तर लिहिलं होतं. घंटेवर बोट ठेवलं, काढलं. पुन्हा ठेवलं. घरात पिवळ्या स्वेटरची घडी चालू असणार हे आठवलं आणि दाबली.

पायलटांनी दार उघडलं. दचकले नाहीत. म्हणाले, "या. हवामान कसं आहे?"

"पायलट, मी तिकडे नाहीये. मी गेलोच नव्हतो."

"माहीत आहे. तुमच्या न्हाणीघराचं पाणी माझ्या भिंतीतून उतरतं. शनिवारी रात्रीच कळलं."

"आणि रोज मला हवामान विचारत होतात?"

"तुम्ही इतकं जीव ओतून लिहीत होतात, मोडवेना," पायलट म्हणाले. "त्या बोटीचं तर मी सगळ्यांना वाचून दाखवलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना माहीत आहे हो. डॉक्टरीणबाई रोज दूध-पाव ठेवतात. म्हणाल्या, काय अडचण असेल ती असेल, उपाशी नको राहायला."

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. या वेळी त्यांनी बसवलं नव्हतं. सगळं सांगितलं, ताईची नजर, लाल बटण, सगळं. पायलट हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता येणार ते साहेब?"

सकाळी इमारतीच्या दारात आमचा ताबा देण्याचा कार्यक्रम झाला. पुन्हा अख्खी इमारत हजर. आम्ही दोघं मधोमध बॅगा घेऊन उभे. अधिकाऱ्यांनी कागद काढून पायलटांना विचारलं, "हे तुमचेच का?"

"आमचेच."

"ओळखीची खूण?"

पायलट गडबडले. डॉक्टरीणबाई मात्र पुढे आल्या. "तोंड उघडा," मला म्हणाल्या. मी उघडलं. "उजवीकडची मागची दाढ मीच भरलीय. बघा ना साहेब, दिसतेय का? अजून उघडा. दिसली ना?" अधिकाऱ्यांनी वाकून पाहिलं. मागच्या दोनतीन जणांनीही पाहून घेतलं. वजनमापे खात्यातल्या माझ्या एवढ्या नोकरीत मी कित्येक तराजू असे भर बाजारात उघडून दाखवले आहेत. त्या तराजूंना काय वाटत असेल याची मला त्या दिवशी कल्पना आली.

कागदावर 'ताब्यात घेतेवेळची स्थिती' असा एक रकाना होता. पायलटांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि लिहिलं, 'पूर्वीसारखीच.' अधिकाऱ्यांनी शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज मला आयुष्यातल्या कुठल्याही शिक्क्याहून गोड वाटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खरोखर निघालो. पायलटांनी तेच भाषण पुन्हा केलं, जेवणासकट. मी तोंड मिटून ऐकलं. विमानाबद्दल मी काही सांगत नाही, कारण सगळा वेळ मी डोळे मिटून बसलो होतो, आणि ते झोपेच्या अ‍ॅपमुळे नव्हे.

तिकडे बाहेर पडण्याच्या दाराशी मोठी गर्दी होती. ताई कठड्याला टेकून उभी होती, हातात पांढरी काठी, बरोबर तिची एक शेजारीण. बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती मान वळवायची, जरा थांबायची, आणि पुन्हा दाराकडे बघायची. हिने माझा हात सोडला. मी म्हणालो, "हाक मार ना." तिने मारली नाही. ती जाऊन ताईच्या अगदी समोर उभी राहिली.

ताईने काठी शेजारणीकडे दिली. दोन्ही हातांनी हिचा चेहरा धरला, उजेडाकडे वळवला, आणि नाकाला नाक लागेल इतका जवळ ओढून बघत राहिली. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या. माणसं त्या दोघींना वळसा घालून जात होती.

"म्हातारी झालीस ग चिऊ," ताई म्हणाली.

"दिसतंय तुला?"

"दिसतंय. रडू नकोस आता, हलतेस मग. मला नीट बघू दे."

ही लगेच थांबली. मला थांबायला जरा वेळ लागला, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.